सरकला नाही, फाटला

सरांच्या शोकसभेत आमचे प्रिन्सिपॉल म्हणाले, "माणूस विद्वान होता, पण जन्मभर ढगांत राहिला आणि नावावर एक पेपर नाही." सभागृहात दोनचार जण हसले. शोकसभेत हसायचं ज्यांना जमतं तसे, नाकातून. मी विभागप्रमुख म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. उठून सांगायला हवं होतं की त्यांच्या नावावर पेपर नाही याचं कारण मी आहे. मी उठले, पण फोटोला हार घालायला.

तेव्हापासून मला राग येतोय. प्रिन्सिपॉलांचा येतो, हसणाऱ्यांचा येतो, सरांना वेडा म्हणून चहाबरोबर चघळणाऱ्या आमच्या सगळ्या स्टाफरूमचा येतो. पण कुणाचाही राग धरून चालायला लागले की दहा पावलांवर मीच उभी असते. म्हणून लिहायला बसले. मी बोलणारी बाई नाही. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणतात. ती समजूत आज मोडलेली बरी.

सर आमच्या सुरतेच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. खगोलशास्त्राचा विषय एकाच सत्रात यायचा, पण कुणी विचारलं की सर सांगत, "मी शुक्राचा माणूस." शुक्रावरचे ढग आणि तिथलं हवामान हे त्यांचं काम. वडील धुळ्याकडून यंत्रमागावर काम करायला आले ते उधन्याच्या कामगारवस्तीत राहिले, आणि मुलगा प्रोफेसर झाला तरी त्याने उधना सोडलं नाही. एकदा कुणीतरी त्यांची बाजू घेत म्हणालं, "बरोबर आहे, शुक्रावरून बघितलं तर अठवा लाइन्सचे बंगले काय आणि उधना काय, सारखंच." सर गंभीरपणे म्हणाले, "शुक्रावरून काहीच दिसत नाही. वर ढग आहेत."

असे होते. थट्टेचं उत्तर ते माहितीने द्यायचे.

रोज सकाळी स्टाफरूमच्या फळ्याच्या कोपऱ्यात ते शुक्राचं हवामान लिहीत. "आज शुक्रावर: ढगाळ. तापमान चारशे पासष्टच्या आसपास. आम्लाचा पाऊस पडेल, जमिनीपर्यंत पोचणार नाही." दुसऱ्या दिवशी तेच. वर्षानुवर्षं तेच. मी नवीन लागले तेव्हा विचारलं, "सर, रोज तेच असतं तर रोज पुसून परत का लिहिता?" ते म्हणाले, "रोज तेच असतं हे रोज बघितल्याशिवाय कसं कळणार?" मे महिन्यात कुणी घाम पुसत आत आलं की ते खडूने फळ्याकडे नुसता इशारा करायचे. लोक चिडायचे. पाठीमागे त्यांना शुक्राचार्य म्हणायचे. पुढे मी स्वतःही एकदोनदा म्हणाले आहे, तेही इथे लिहून ठेवते.

आमच्या संस्थेचे मोठे ट्रस्टी साड्यांचे व्यापारी. शुक्राचा अस्त असला की लग्नांचे मुहूर्त नसतात, मुहूर्त नसले की साड्या उठत नाहीत. त्यामुळे ट्रस्टींना खगोलशास्त्राची गरज वर्षा-दीड वर्षातून एकदोनदा पडे. ते फोन करून विचारत, "साहेब, शुक्र क्यारे ऊगशे?" सर उगवायची तारीख सांगत, अगदी अचूक. मग वर म्हणत, "पण शेठ, तो बुडत नाही. सूर्याच्या उजेडात आपल्याला दिसत नाही, एवढंच. लग्नं चालू ठेवा." शेठना उत्तराचा पहिला अर्धा भाग हवा असे. त्यांनी संपूर्ण कॉलेजात सांगून ठेवलं होतं की प्रोफेसर हुशार आहे, पण विषयाला सोडून बोलतो.

एकदा त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत नेलं आणि कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून उभं केलं. म्हणाले, "डोळे मिटा. श्वास घ्या. हळू घ्या, पुरा घेऊ नका. शुक्राच्या ढगांत गंधकाचं आम्ल असतं. तिथला वास कुणीच घेतलेला नाही, पण घ्यायची वेळ आली तर याच्याच भाऊबंदांतला असेल." मुलं खोकत, हसत परत आली. ती भिंत शेठच्या मेहुण्याची निघाली. सरांकडून लेखी खुलासा मागवला गेला. सरांनी एका ओळीचा खुलासा दिला: "वास मी आणलेला नव्हता, तिथे होताच." त्या वासाबद्दल कुणी खुलासा मागितला का? नाही. पुढल्या वर्षी मुलांच्या सहली बंद झाल्या.

त्यांचं खरं काम मात्र घरी चालायचं, उधन्यातल्या त्या वरच्या दोन खोल्यांत. शुक्राभोवती फिरणाऱ्या एका परदेशी यानाने पाठवलेली चित्रं कुणालाही मोफत घेता येत. सर ती उतरवून, मोठी छापून, जमिनीवर अंथरत. काळपट-पांढरे पट्टे, डाग, ओरखडे. शुक्र स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की त्याच्या एका फेरीला आपले आठेक महिने लागतात, पण त्याचे ढग चार दिवसांत त्याला वळसा घालतात. का, हे कुणाला पुरतं कळलेलं नाही. दोन तासांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवायची, तोच डाग किती सरकला ते मोजायचं, की तिथल्या वाऱ्याचा वेग मिळतो. जगभर हे काम संगणक करतो. सरांचा संगणकावर विश्वास नव्हता, असं लोक सांगतात. चूक आहे. संगणक मीच चालवायचे आणि सर माझ्यावर पूर्ण विश्वास टाकायचे. त्यांना शंका फक्त एका पट्ट्यातल्या आकड्यांची होती. शुक्राच्या दुपारनंतरच्या भागात ढग मध्येच वेडेवाकडे धावल्यासारखे दिसत. सर म्हणत, "मला काहीतरी वाटतंय. पण वाटलं की थांबायचं. दिसलं की लिहायचं."

त्यांना ते दिसलं नाही. दिसलं मंगलाताईंना.

मंगलाताई त्याच चाळीत पहिल्या मजल्यावर, सरांच्या खालच्या खोलीत राहायच्या. नंदुरबारकडच्या. नवरा लूमवर, आणि त्या स्वतः कापड तपासायच्या. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. विणून आलेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, एका काचेच्या टेबलावरून ओढत नेतात. काचेखाली ट्यूबलाइट असते. तपासणारी बाई कापडावर नजर ठेवून असते आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, विरळ पट्टी जिथे दिसेल तिथे खडूची खूण करते. कापड थांबत नाही. दिवसभर. मंगलाताईंनी हे वीसेक वर्षं केलं होतं. कारखान्यात त्या मंगलाबेन, आम्हाला मंगलाताई.

एकदा पापडांचं ताट परत न्यायला त्या वर आल्या. जमिनीवर शुक्र पसरलेला. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "मास्तर, हाऊ ताका कोना हातना शे?" हा ताका कोणाच्या हातचा म्हणून. सर ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी उठून उभे राहायचे. कारण पुढे ताईंनी बोट ठेवलं ते थेट त्या दुपारनंतरच्या पट्ट्यावर. सर म्हणाले, "हा डाग इथून इथे सरकला, ताई." मंगलाताई म्हणाल्या, "हाऊ सरकना नही, मास्तर. हाऊ फाटना. सरकेल डागनी कड सारखी राहास. हाई कड बघा, ताजी शे."

सरकला नाही, फाटला. सरकलेल्या डागाची कड तशीच राहते, ही ताजी आहे. म्हणजे संगणक ज्याला एकाच ढगाची धाव समजत होता तिथे एक ढग विरून शेजारी दुसरा तयार झालेला होता. आकडे वाऱ्याचे नव्हतेच.

सरांनी खिडकीची जुनी काच दोन स्टुलांवर टाकली, खाली ट्यूबलाइट लावली. मग कारखान्याच्या सुट्टीला मंगलाताई वर यायच्या, चित्रांच्या जोड्या त्या काचेवर ठेवून एकेक डाग बघायच्या. "हाऊ सरकना." "हाऊ फाटना." "हाऊ माले समजस नही, सोडा." सर लिहायचे, मी संगणकात भरायचे. त्यांनी कुठली जोडी कशी सांगितली हे न सांगता सर महिन्याने तीच जोडी परत पुढे करायचे. उत्तर तेच यायचं. एकदा त्यांनी हे ओळखलं आणि म्हणाल्या, "मास्तर, माझी परीक्षा घेऊ राहिले का? घ्या. पण मग चहा तुम्ही करा." सरांनी केला. वाईट झाला होता. तिघांनी प्यायला.

आता माझं.

माझे वडील वर्ध्याकडून आले होते, तेही लूमवरच. आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. माझ्या शाळेच्या गणवेशाला कायम डिंकाचा वास असायचा. कॉलेजात मी हे कधी सांगितलं नाही. "वडील टेक्स्टाइलमध्ये होते" असं म्हणायचे. हे खोटं नाही, म्हणून जास्त वाईट. सरांना सगळं माहीत होतं, त्यांनीच मला शिकवलं, त्यांनीच नोकरीला उभं केलं, आणि माझं ते वाक्य ऐकून ते दुसरीकडे बघायचे.

पेपर मी लिहिला, इंग्रजी माझं बरं होतं म्हणून. नावं तीन. पहिलं सरांचं, दुसरं मंगलाताईंचं, तिसरं माझं. क्रम सरांनी ठरवला होता, आणि खरं तर त्यांना मंगलाताईंचं पहिलं हवं होतं, ताईंनीच नको म्हटलं. जर्नलच्या फॉर्ममध्ये प्रत्येक नावापुढे संस्था लिहायची जागा होती. मी विचारलं, "सर, मंगलाताईंपुढे काय लिहू?" ते म्हणाले, "कापड तपासनीस, उधना. आणखी काय लिहिणार?"

पुढच्या सत्रात कॉलेजचा दर्जा ठरवायला तपासणी समिती येणार होती आणि त्याच आठवड्यात प्रिन्सिपॉल प्रत्येकाचे पेपर गोळा करत फिरत होते. त्यांनी माझा कागद बघितला. "बेन, आ मंगलाबेन कोण छे? कई कॉलेजनां?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग हिंदीत म्हणाले, "आप चाहती हैं कि कमिटी हम पर हँसे? नाम निकालिए."

सगळा दोष त्यांच्यावर टाकायला मला फार आवडलं असतं. पण त्यांनी सांगण्याआधी, फॉर्मच्या त्या रिकाम्या जागेपुढे बसून, मी स्वतःच दोन वेळा ते नाव खोडून परत लिहिलं होतं. कापड तपासनीस, उधना, ही अक्षरं माझ्या नावाशेजारी मला बघवत नव्हती. कुणीतरी विचारेल, तुम्ही ओळखता का यांना? मग विचारेल, कशा? प्रिन्सिपॉलांनी मला हुकूम दिला नाही, परवानगी दिली.

मी नाव काढलं. आणि सरांना सांगितलं की जर्नलने काढायला लावलं. "ज्यांना संस्था नाही त्यांचं नाव घेत नाहीत ते."

सर कधी चिडत नसत. त्या दिवशी त्यांचा आवाज चिरकला. "बघणाऱ्याला संस्था लागते? डोळे संस्थेचे असतात?" त्यांनी संपादकांना हाताने चार पानी पत्र लिहिलं. मी म्हटलं, "द्या, मी पाठवते." ते पत्र माझ्या कपाटात आहे. पाठवणार कुणाला? संपादकांनी काही म्हटलंच नव्हतं. दोन दिवसांनी सर म्हणाले, "तिचं नाही तर माझंही नाही. तू एकटीच्या नावाने टाक. तुझी नोकरी पुढे आहे, तुला लागेल."

खरं सांगायला माझ्याकडे त्यानंतर पुरते दोन आठवडे होते. दोन आठवडे मी रोज त्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला. मग मी पेपर पाठवला आणि काही महिन्यांनी तो छापून आला, एकट्या माझ्या नावाने. समिती खूश झाली. माझी बढती झाली.

सर मंगलाताईंकडे स्वतः गेले, मला बरोबर घेऊन. चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांच्या देखत, त्यांनी त्या बाईपुढे हात जोडले. "ताई, ते लोक तुमचं नाव छापत नाहीत. मला माफ करा." मी त्यांच्या मागे उभी होते.

त्यानंतर त्यांनी कुठेही काही पाठवलं नाही. वह्या भरत राहिले. निरोप समारंभात शेठ म्हणाले, "आपणा प्रोफेसर साहेबे आखी जिंदगी वादळां गण्यां." आयुष्यभर ढग मोजले म्हणे. टाळ्या पडल्या. सर उत्तराला उठले आणि म्हणाले, "ज्यांनी ढग बघितले त्यांचं नाव छापायला जग तयार नाही. म्हणून मी छापत नाही." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची लहर. बोलताना ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत कौतुक होतं. सगळं बघितलेली एक तरी साक्षीदार इथे आहे, असं त्यांना वाटत होतं.

शोकसभेनंतर मी जर्नलला पत्र लिहिलं. दोन नावं राहिली आहेत, दुरुस्ती छापता येईल का. तीन दिवसांत उत्तर आलं, अगदी सौजन्याचं. येईल, हयात लेखकाची सही पाठवा, दिवंगताच्या नातेवाइकाची पाठवा. आणि शेवटी एक ओळ: एखाद्याला संस्था नसेल तर त्याचं गाव आणि काम लिहिलं तरी आम्हाला चालतं, नेहमीच चालत आलं आहे. ही ओळ वाचून मी संगणक बंद केला.

सरांच्या धाकट्या भावाने सही केली. काय आहे हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग दुरुस्तीचा मजकूर घेऊन मी उधन्याला गेले.

मंगलाताई आता सत्तरीकडे झुकल्यात. खोली तीच. तळमजल्याच्या गाळ्यात पूर्वी गोदाम होतं, तिथे आता लूम बसलेत. मी कागद पुढे ठेवला, म्हटलं, "ताई, तुमचं आणि सरांचं नाव आता छापणार आहेत. इथे सही पाहिजे."

"काय लिहेल शे?"

मी मराठीत करून वाचलं. "या पेपरात दोन लेखकांची नावं नजरचुकीने राहून गेली होती, ती आता..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "चुकून राहिली?"

"हो."

"मास्तर तर सांगत होते, त्या लोकांनी नाही म्हटलं."

मी कागदावर परत नजर टाकली.

"नाही म्हटलं तर चुकून कसं राहील? आणि चुकून राहिलं तर नाही कोणी म्हटलं?" त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कापड बघतात तसंच, न थांबता, सावकाश. "दोन्ही नाही जमत, बाई. एक काहीतरी सांगा."

मी सांगितलं. फॉर्म, रिकामी जागा, प्रिन्सिपॉल, माझी आई, डिंकाचा वास, सगळं. कपाटातल्या पत्रासकट. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मास्तरले माहीत व्हतं?"

"नाही."

"म्हणजे मरेपर्यंत त्या परक्या लोकांवर रागावले."

"हो."

त्या उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या, मला विचारलं नाही. मग दारात उभ्या राहून गॅलरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे उभे होते मास्तर. माझ्यासमोर हात जोडून. सगळी चाळ बघत होती. मी त्यांना म्हटलं, असू द्या, नावाला काय करायचं. खोटं म्हटलं. मला पाहिजे होतं नाव. माझ्या पोराला दाखवलं असतं. पण मास्तरचं तोंड बघून म्हटलं." त्या माझ्याकडे वळल्या. "ते हात तुमचे पाहिजे होते."

मी हात जोडायला लागले तर म्हणाल्या, "आता नको. आता लिहा. काय केलं ते लिहा, मग सही करते."

मी तिथेच बसून, त्याच कागदाच्या मागे, दुसरा मजकूर लिहिला. पाच ओळी झाल्या. त्यांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. "मराठीत वाचा."

मी वाचायला लागले. खाली लूम खटखटत होते. त्यांनी कानामागे हात धरला.

"ऐकू येत नाही. मोठ्याने."

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली, तिच्यामागे आणखी एक. मी कागद छातीशी धरला. मंगलाताई पेन धरून तशाच बसल्या होत्या, त्यांना कसलीच घाई नव्हती. मी उभी राहिले, आणि यंत्रांच्या वर आवाज जाईल असं, आयुष्यात पहिल्यांदा, ओरडून वाचलं: "हे नाव राहून गेलं नव्हतं. हे नाव मी काढलं."